एमएससी नर्सिंग (मेडिकल सर्जिकल, क्रिटिकल केअर), बडोदा – दोन वर्षं पूर्ण केल्यावरचा रिव्ह्यू

गेल्या दोन महिन्यांत पाच-सहा जणींनी मला एकच विचारलंय, ताई एमएससी करू का, आणि करायचं तर बडोद्यातच करू की बाहेर जाऊ. प्रत्येकीला वेगळं उत्तर टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. कॉलेजचं नाव लिहिणार नाहीये, तिथे माझ्या ज्युनिअर अजून शिकतायत आणि तिथल्या दोन मॅडमचे माझ्यावर खरंच उपकार आहेत. पण कोर्सबद्दल काही लपवणार नाही. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी दांडिया बाजारात वाढले, घरी मराठी, शाळा गुजराती, मग बीएससी नर्सिंग आणि त्यानंतर चार वर्षं एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत. म्हणजे बघा, एमएससीला बसले तेव्हा मी कोरी पाटी नव्हते, व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन, डायलिसिसचे पेशंट सगळं हाताखालून गेलं होतं. तरी का गेले ते आधी सांगते, कारण त्यावरूनच मी कोर्सला मार्क दिलेत.

आयसीयूत तिसऱ्या वर्षी एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे, पोटाचं ऑपरेशन झालेलं, ट्यूब निघालेली, संध्याकाळपर्यंत माझ्याशी छान बोलत होते, मांडवीला त्यांचं कापडाचं दुकान होतं त्याचे किस्से सांगत होते. रात्री दोनला बघते तर लाइन ओढतायत, मला ओळखत नाहीयेत, वरून कुणीतरी पाणी ओततंय म्हणतायत. आम्ही जे सगळीकडे करतात तेच केलं, हात बांधले, इंजेक्शन दिलं, नोट्समध्ये 'पेशंट इरिटेबल' लिहिलं. आयसीयू सायकोसिस आहे, होतं असं, म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. सकाळी त्यांची सून आली, तिने बेडजवळच्या लॉकरचा ड्रॉवर उघडला आणि म्हणाली, बेन, पप्पाना चश्मा तो अहींया ज छे. चष्मा आणि कानाचं मशीन, दोन्ही रुमालात नीट गुंडाळून तीन दिवस ड्रॉवरमध्ये पडलेले. त्या माणसाला तीन दिवस धड दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, वर दिवसरात्र ट्यूबलाइट चालू आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी येऊन दंडाला पट्टा आवळतंय. सून काही बोलली नाही, चष्मा पुसून त्यांना लावला आणि बांधलेल्या हातांकडे बघत उभी राहिली. मला आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

आयसीयूत तिसरं वर्ष चालू असून मला ते दिसलं नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं दिसलं, इन्चार्ज सिस्टरला नव्हतं दिसलं. आणि त्याला काय म्हणतात, मोजतात कसं, टाळतात कसं हे सांगणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतंच.

एमएससीच्या पहिल्याच वर्षी क्लिनिकल स्पेशलिटीच्या तासाला मॅडमनी डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ, शिकवलं, आणि कॅम-आयसीयू नावाची तपासणी प्रत्यक्ष बेडवर करून दाखवली. पेशंटचा हात हातात घ्यायचा, दहा अक्षरं सावकाश म्हणायची, एस, ए, व्ही, ई, ए, एच, ए, ए, आर, टी, आणि सांगायचं की 'ए' ऐकलं की माझा हात दाबा. पेशंटला इंग्रजी यायची गरज नाही, लिहायची नाही, बोलायची पण नाही, तोंडात ट्यूब असली तरी चालतं. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष लागत नाहीये असं धरायचं, मग पुढचे प्रश्न. दोन मिनिटांचं काम आहे. मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं ते पादरा गावच्या एका काकांवर, त्यांनी सगळे 'ए' सोडून भलत्याच अक्षरांना माझा हात दाबला, आणि वरवर बघितलं तर ते अगदी शांत पडलेले, कुणालाच त्रास न देणारे, ज्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही असे पेशंट होते. गोंधळ घालणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, शांतपणे गोंधळलेला कुणालाच दिसत नाही. माझ्या डोक्यात हे तेव्हा जे बसलं ते कायमचं, आणि एवढ्या एका तासासाठीसुद्धा फी वसूल झाली असं मला वाटतं.

आता कोर्सची माहिती, कारण खूप जणींना साधं साधं पण माहीत नसतं. दोन वर्षांचा आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे बीएससी किंवा पोस्ट बेसिक बीएससीला ५५ टक्के पाहिजेत, रजिस्ट्रेशन पाहिजे आणि एक वर्षाचा अनुभव पाहिजे. स्पेशलिटी पाच, मेडिकल सर्जिकल, ऑब्स गायनॅक, पेडियाट्रिक, सायकियाट्रिक आणि कम्युनिटी. मेडिकल सर्जिकल घेतलं की दुसऱ्या वर्षी त्यात पुन्हा सबस्पेशलिटी, कार्डिओ, क्रिटिकल केअर, ऑन्कॉलॉजी, न्यूरो, नेफ्रो-युरो, ऑर्थो, गॅस्ट्रो. पण प्रत्येक कॉलेजात प्रत्येक सबस्पेशलिटी नसते, हे ॲडमिशनच्या आधी विचारायचं, माझ्या बॅचच्या एकीला ऑन्को पाहिजे होतं आणि तिथे ते नव्हतंच हे तिला फी भरल्यावर कळलं. पहिल्या वर्षी नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च-स्टॅटिस्टिक्स आणि क्लिनिकल स्पेशलिटी एक. दुसऱ्या वर्षी मॅनेजमेंट, डिझर्टेशन (शोधप्रबंध) आणि क्लिनिकल स्पेशलिटी दोन. माझ्या सिलॅबसमध्ये स्पेशलिटीचे प्रॅक्टिकलचे तास पहिल्या वर्षी ६५० आणि दुसऱ्या वर्षी ९५० होते, थिअरी दोन्ही वर्षी १५०-१५०. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्री हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकल पूर्ण १०० टक्के भरून द्यावं लागतं, म्हणजे तापाने पडलात तरी ते तास नंतर भरायचेच.

हे आकडे मुद्दाम लिहिले. १६०० तास बेडजवळ, हे वाचून मी हरखून गेले होते. आता त्या तासांत खरं काय होतं ते सांगते.

पहिलं वर्ष छान गेलं. पण दुसऱ्या वर्षी आमचा निम्मा वेळ 'आज थर्ड इयरचा क्लास घे', 'आज फर्स्ट इयरला वॉर्डात घेऊन जा', 'सुपरव्हिजनला थांब' यात गेला. फॅकल्टी कमी होती, हे मला पण दिसत होतं, आणि एमएससीची मुलगी म्हणजे बिनपगारी ट्यूटर हे तिथे जणू ठरूनच गेलं होतं. लॉगबुकमध्ये ते तास क्लिनिकल म्हणून सही होऊन येत. मी दोनदा लेखी दिलं की मला आयसीयू पोस्टिंगचे तास पूर्ण पाहिजेत, एकदा ऐकलं, एकदा नाही. शिकवण्याचा मला तिटकारा नाही, उलट आवडतं, पण ज्या तासांसाठी मी चार वर्षांची नोकरी सोडून आले ते तास मला मिळायला हवे होते आणि ते पूर्ण मिळाले नाहीत. हा माझा सगळ्यात मोठा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

दुसरं म्हणजे चार्ट. नर्सिंग एज्युकेशनच्या नावाखाली आम्ही किती चार्ट, फ्लॅश कार्ड, मॉडेल बनवले याची गणती नाही, रात्री दीड-दोनपर्यंत थर्माकोल कापत बसायचो, आणि शिकवून झालं की ते सगळं माळ्यावर. त्या वेळात मी शंभर एबीजी (रक्तातल्या वायूंचे रिपोर्ट) वाचले असते. स्किल लॅब आहे, चांगलं मॅनिकिन (सरावाचा पुतळा) पण आहे, फक्त त्याची चावी एका मॅडमकडे आणि मॅडम रजेवर असल्या की लॅब बंद. इन्स्पेक्शन असलं की मात्र दोन दिवस आधी उघडायची.

गाइडबद्दल पण लिहिते. माझ्या पहिल्या गाइडनी सहाव्या महिन्यात कॉलेज सोडलं, दुसरीकडे चांगली ऑफर आली, त्यांचं काही चुकलं असं म्हणत नाही. पण सिनॉप्सिस मंजूर झालेलं, टूल (माहिती गोळा करायची प्रश्नावली) अर्धं तयार आणि मग दोन महिने मला कुणी वालीच नाही. नंतर ज्या मॅडम मिळाल्या त्या देवासारख्या. त्यांच्यामुळेच पुढची गोष्ट झाली.

आपल्याकडे डिझर्टेशन म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितेय. 'अमुक विषयावर स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा स्टाफ नर्सेसच्या नॉलेजवर होणारा परिणाम', आधी प्रश्नपत्रिका, मग पीपीटी, मग तीच प्रश्नपत्रिका, मार्क वाढले, झालं. लायब्ररीत मागच्या दहा वर्षांच्या डिझर्टेशनची कपाटं बघितली तर फक्त विषयाचं नाव बदलतं. मी पण तेच करणार होते. नव्या मॅडमनी सिनॉप्सिस वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, नर्सला येतं का ते तू विचारतेयस, ती करते का ते कधी बघणार?

मग मी कफ प्रेशर घेतलं. जे आयसीयूत नाहीत त्यांच्यासाठी, श्वासनळीत ट्यूब घातली की तिच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो, कफ म्हणतात, तो फुगवला की ट्यूब जागेवर सील होते. कमी फुगला तर तोंडातली लाळ, स्राव बाजूने झिरपून फुफ्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो, जास्त फुगला तर श्वासनळीच्या आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा दाबला जातो, जखम होते. २० ते ३० सेंटिमीटर पाणी एवढं प्रेशर पाहिजे. आणि आपण ते कसं बघतो? बाहेर जो छोटा फुगा लटकतो तो दोन बोटांत दाबून. टम्म लागला की 'हां, ठीक आहे'. मी चार वर्षं असंच बघितलं, मला माझ्या बोटांवर पूर्ण भरवसा होता.

मॅनोमीटर, म्हणजे हे प्रेशर मोजायचं मीटर, हॉस्पिटलमध्ये होता, ॲनास्थेशियाच्या ट्रॉलीत, अगदी खाली, डब्यासकट. मी तो घेऊन पहिल्या संध्याकाळी आयसीयूत गेले. पहिला बेड, आधी बोटांनी दाबून बघितलं, म्हटलं व्यवस्थित आहे, साधारण २५ असेल. नळी जोडली, काटा गेला ५२ वर. मला वाटलं मीटर खराब आहे. काढलं, झिरो बघितला, परत लावलं, पुन्हा पन्नासच्या वरच. शेजारचा बेड, बोटांना अगदी तसाच लागला, तिथे १४. तिथली स्टाफ नर्स, केरळची, पंधरा वर्षं आयसीयू केलेली, माझ्या बाजूला येऊन उभी राहिली, काही न बोलता तिने स्वतः तिसऱ्या बेडचा फुगा दाबला, मला म्हणाली, 'ट्वेंटी एट', मग मीटर लावायला लावला. ३८ आलं. ती म्हणाली, 'रोज लाना ये.' बस एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मॉर्निंगला हॅन्डओव्हरच्या वेळी ती माझी वाट बघायची, आणि माझं डेटा कलेक्शन संपल्यावर तिनेच चार्टवर पेनाने एक उभी ओळ जास्तीची आखली, कफ प्रेशर, दर शिफ्टला एकदा. तिने हे कुणालाच विचारलं नाही. माझ्या अख्ख्या डिझर्टेशनचं फळ मला विचाराल तर ती पेनाने आखलेली ओळ.

क्लिनिकल नर्स स्पेशलिस्ट म्हणतात ते हेच काम आहे असं मला तेव्हा कळलं. हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात म्हणून थोडं सांगते. अमेरिकेत ही वेगळी, लायसन्स-सर्टिफिकेशनच्या चौकटीतली भूमिका आहे, ॲडव्हान्स प्रॅक्टिस नर्सचे तिथे चार प्रकार मानतात, नर्स प्रॅक्टिशनर, नर्स मिडवाइफ, नर्स ॲनास्थेटिस्ट आणि क्लिनिकल नर्स स्पेशलिस्ट. सुरुवात सायकियाट्रीतून झाली, १९५४ मध्ये हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी रटगर्स विद्यापीठात त्यासाठीचा मास्टर्स सुरू केला. सर्टिफिकेशनसाठी मास्टर्स किंवा डॉक्टरेट लागते आणि त्या शिक्षणात किमान ५०० तास देखरेखीखालचं क्लिनिकल काम झालेलं लागतं. तिथे या नर्सचं काम तीन पातळ्यांवर धरतात, पेशंट, नर्सेस आणि अख्खी व्यवस्था. एका पेशंटचा फुगा मोजायचा, बाकी नर्सेसना मोजायला लावायचं, आणि चार्टवर कायमचा रकाना आणायचा. तीन पातळ्या पुस्तकात वाचताना मला त्या कोरड्या वाटल्या होत्या, आयसीयूत त्या आठवड्यात तिन्ही डोळ्यांसमोर घडल्या.

आता आपल्याकडचं वास्तव. भारतात एमएससी करून तुमच्या मार्कशीटवर 'क्लिनिकल स्पेशलिटी' असं छापून येतं, पण क्लिनिकल नर्स स्पेशलिस्ट असं वेगळं लायसन्स मिळत नाही. कौन्सिलमध्ये ॲडिशनल क्वालिफिकेशन म्हणून नोंद होते. बहुतेक हॉस्पिटलांत त्या नावाची पोस्टही नाही, त्यामुळे एमएससी झाली की घरी, शेजारी, कॉलेजात, सगळे एकच विचारतात, मग आता लेक्चरर ना? माझ्या बॅचमधल्या बहुतेक जणी कॉलेजांत शिकवायला गेल्या. शिकवणारे पाहिजेतच, पण ज्या बाईने दोन वर्षं क्रिटिकल केअर शिकलं ती वॉर्डातून कायमची बाहेर जाते आणि आयसीयूत पुन्हा बीएससी-जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) नवीन मुली, ज्यांना विचारायला कुणी नाही. ड्रॉवरमधला चष्मा मग कोण काढणार?

ज्यांना नक्की बेडजवळच राहायचंय त्यांनी एनपीसीसी पण बघा, नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. इंडियन नर्सिंग कौन्सिलने आणलेला दोन वर्षांचा रेसिडेन्सी प्रोग्रॅम आहे, थिअरी साधारण २० टक्के आणि बाकी ८० टक्के क्लिनिकल. रेसिडेंट डॉक्टर जसे राहून शिकतात तसं आयसीयूत राहून शिकायचं, फिजिकल असेसमेंट, फार्माकॉलॉजी, पॅथोफिजिऑलॉजी खोलात, आणि संस्थेच्या प्रोटोकॉलप्रमाणे काही निर्णय घ्यायची तयारी. मी तेव्हा हे नीट बघितलं नाही कारण घर सोडून जायचं नव्हतं, मुलगी चार वर्षांची होती. आज निवड करायची असती तर किमान चौकशी तरी पूर्ण केली असती. पण त्यातही एक लक्षात घ्या, कोर्स असणं आणि बाहेर पडल्यावर त्या नावाची पोस्ट असणं या दोन गोष्टी आहेत, ॲडमिशनच्या आधी विचारायचं की आधीच्या बॅचच्या मुली आता कुठे आणि कुठल्या पदावर आहेत. २०२३ मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा आलाय, जुन्या १९४७ च्या कौन्सिलच्या कायद्याच्या जागी. मला मनापासून वाटतं की या नव्या व्यवस्थेत स्पेशलिस्ट नर्सला पद, पगार आणि अधिकार तिन्ही लिहून मिळावेत.

बडोदा म्हणून कसं? शिकायला चांगलं गाव आहे, हे मी इथली म्हणून म्हणत नाहीये. एसएसजी सारखं मोठं सरकारी हॉस्पिटल गावाच्या मधोमध आहे, बडोदा मेडिकल कॉलेज १९४९ पासूनचं आहे, आणि प्रायव्हेट हॉस्पिटलं भरपूर. पेशंट नुसते शहरातले नाहीत, पंचमहाल, छोटा उदेपूर, नर्मदेकडचे, पार मध्य प्रदेशच्या सीमेवरचे येतात, त्यामुळे सर्पदंशापासून सिकलसेलपर्यंत सगळं बघायला मिळतं. वॉर्डातली भाषा गुजराती, आदिवासी पट्ट्यातले पेशंट असले तर त्यांची बोली अजून वेगळी, महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलींना पहिले दोन महिने जड जातात, माझी एक बॅचमेट जळगावची होती, ती 'दुखे छे' आणि 'बळे छे' यातला फरक शिकली तेव्हा कुठे तिला नीट हिस्टरी घेता यायला लागली. दुखणं आणि जळजळ, पोटाच्या पेशंटमध्ये केवढा फरक आहे. रिपोर्टिंग, केअर प्लॅन सगळं इंग्रजीत. घरी येऊन आईशी मराठी. त्या बॅचमेटला आमच्याकडे दर रविवारी जेवायला बोलवायचो, आणि नाइट झाली की सकाळी कीर्तिस्तंभाजवळ सेवउसळ, तर्री जास्त, ती म्हणायची ही तर आपली मिसळच आहे, मग आमचं त्यावर भांडण.

नवरात्रात मात्र हाल. अख्खं गाव गरब्याला आणि तुम्ही पोस्टिंगला, वर गरबा सुटल्यावर रस्त्यावर ट्रॅफिक एवढं की नाइटला यायला-जायला वेळ हाताशी ठेवूनच निघायचं.

खर्चाचं थोडक्यात. फी आहेच, पण खरा खर्च म्हणजे दोन वर्षांचा बुडालेला पगार, तो कुणी हिशोबात धरत नाही. शिवाय स्टॅटिस्टिशियन, टूल व्हॅलिडेशनची धावपळ, प्रिंटिंग, बाइंडिंग, एज्युकेशनल टूर. बाइंडिंगसाठी रावपुऱ्यात जुन्या बाइंडरकडे जा, कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नको, माझ्या मैत्रिणीच्या कॉपीची पानं व्हायव्हाच्या आधीच सुटली. रावपुऱ्यातल्या काकांनी माझ्या चारही कॉपी शिवून दिल्या, सोनेरी अक्षरं छापायच्या आधी नावाचं स्पेलिंग दोनदा वाचून दाखवायला लावलं. फी भरताना ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतली तर किती दिवसांसाठी आणि परत कधी ते लेखी घ्या. हे न केल्यामुळे एकीची चांगली नोकरीची संधी गेली, मी डोळ्यांनी बघितलंय.

घरच्यांचं सांगायचं तर सासूबाई नसत्या तर मी करूच शकले नसते. मुलीला शाळेत सोडणं-आणणं, तिचा ताप, सगळं त्यांनी काढलं, आणि एकदाही 'कशाला एवढं शिकायचं' म्हणाल्या नाहीत. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी आधी घरात बसून स्पष्ट बोलून घ्या, कोण काय करणार. मनात धरून चालू नका.

कॉलेज निवडायचं कसं, याचं माझं उत्तर असं. बिल्डिंग बघू नका, वेबसाइट तर नकोच. सकाळी अकराच्या सुमाराला कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये जा, नातेवाइकासारखं जाऊन वॉर्डात फिरा आणि किती बेड भरलेत ते बघा. कागदावर बेड असतात, पेशंट असतातच असं नाही. आयसीयूच्या बाहेर थोडा वेळ उभं राहा, किती व्हेंटिलेटर चालू आहेत ते तिथल्या सिस्टरला सहज विचारा, त्या सांगतात. मग सेकंड इयरच्या मुलीला गाठा, कॅन्टीनमध्ये, ऑफिसात नाही, आणि तिला एवढंच विचारा की गेल्या आठवड्यात तू किती तास पेशंटजवळ होतीस. ती लगेच आकडा सांगू शकली तर कॉलेज बरं. ती हसली किंवा इकडेतिकडे बघायला लागली तर समजून घ्या. ज्या गाइड होणार त्या मॅडमना भेटा आणि त्या स्वतः वॉर्डात शेवटच्या कधी गेल्या होत्या ते बोलण्या-बोलण्यात कळतंच.

आणि वर्षभराच्या अनुभवावर जाऊ नका असं मी सांगेन, नियमात एक वर्ष असलं तरी तीन-चार वर्षं काढून जा. माझ्याबरोबर ज्या लगेच आल्या होत्या त्यांना प्रश्नच पडत नव्हते, कारण अजून काही खटकलेलंच नव्हतं. मला ते आजोबा खटकले होते म्हणून मी डिलिरियमचा तास कान देऊन ऐकला.

आता मी काय करते. एमएससीनंतर मला पण कॉलेजची ऑफर होती, पगार बरा होता, रविवार सुट्टी, नाइट नाही. मी दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या नर्सिंग सुपरिंटेंडंट मॅडमना भेटायला गेले, फाईलमध्ये डिझर्टेशन नव्हतं नेलं, फक्त कफ प्रेशरचे चार्ट नेले होते. त्यांनी एक एक पान बघितलं आणि विचारलं, आमच्याकडे येऊन हे करशील का. पोस्टचं नाव क्लिनिकल नर्स एज्युकेटर आहे, स्पेशलिस्ट नाही, पण रोज सकाळी मी आयसीयूत राउंड घेते, बेड टू बेड, नवीन मुलींबरोबर. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ डिग्री वर आहे का, तोंडाची स्वच्छता झाली का, कफ मोजला का, कॅम-आयसीयू केलं का, बेडसोरसाठी पाठ बघितली का. पगार आयसीयूच्या सीनिअर स्टाफपेक्षा थोडाच जास्त आहे, तो वाढावा यासाठी मी भांडतेय आणि भांडत राहणार.

रेटिंग द्यायचं तर कोर्सला ५ पैकी ४, सिलॅबस खरंच चांगला आहे आणि मनापासून शिकवणारी एक मॅडम जरी मिळाली तरी माणूस बदलून जातो. माझ्या कॉलेजला ५ पैकी अडीच, तो अडीच पण त्या दोन मॅडमसाठी. पुन्हा करेन का, तर हो, पण दुसऱ्या कॉलेजात, आणि पहिल्या दिवसापासून माझे क्लिनिकल तास माझ्या वेगळ्या डायरीत तारखेसकट लिहून ठेवेन, लॉगबुकच्या भरवशावर राहणार नाही.

कुणाला डिझर्टेशनसाठी विषय सुचत नसेल तर तुमच्या वॉर्डात कुठली गोष्ट सगळे 'बोटाने दाबून' बघतात ते शोधा, तिथूनच सुरू करा. कफ मॅनोमीटर पाहिजे असेल तर आधी ॲनास्थेशियाची ट्रॉली उघडून बघा, खालच्या खणात असतो.